बाबा, कॉम्प्युटर तुम्ही बिघडवला नव्हता

प्रिय आई, बाबा,
सा. न.

गणपतीला सांगलीला आले तेव्हा हे नीट सांगायचं राहूनच गेलं, दोन दिवस पाहुण्यांत गेले आणि तिसऱ्या दिवशी पहाटे मी पुण्याची बस धरली. फोनवर सांगायला गेलं की बाबा म्हणतात "असू दे गं, मला नाही जमायचं आता". म्हणून पत्र, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून पाठवतेय, दोघं मिळून वाचा.

बाबा, आधी मुद्द्याचं. कॉम्प्युटर तुम्ही बिघडवला नव्हता. बँकेची साइट उघडली की लाल पान यायचं, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून, आणि आपलंच काहीतरी चुकीचं बटण दाबलं गेलं असं धरून तुम्ही दोन महिने त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवलात. आईने सांगितलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर चाळीस वर्षं कीर्द-खतावणी सांभाळलीत तुम्ही, एक आकडा इकडचा तिकडे नाही, आणि एका लाल पानाने स्वतःवरचा भरवसा उडावा?

झालं काय होतं ते सांगते. आई, तुझी ती लँडलाइनजवळची डायरी आठव. कुणाला फोन करायचा की तू आधी डायरीत बघायचीस, त्यात नसला नंबर तरच १९७ ला विचारायचं. कॉम्प्युटर अगदी हेच करतो. आपण साइटचं नाव टाइप करतो पण त्याला लागतो नंबर, त्याला आयपी अॅड्रेस म्हणतात. तो आधी स्वतःजवळच्या एका छोट्या फाइलीत बघतो, तिचं नाव होस्ट्स, आणि तिथे नाही मिळालं की मग इंटरनेटच्या चौकशी खात्याला म्हणजे डीएनएसला विचारतो. पण डायरीत सापडलं तर पुढे कुणालाच विचारत नाही, लिहिलंय ते खरंच धरतो. आता तुझ्या डायरीत मावशीच्या नावापुढे कुणी गुपचूप भलताच नंबर लिहून ठेवला तर? तू फोन मावशीलाच लावणार पण उचलणार दुसराच कुणीतरी.

बाबांच्या होस्ट्समध्ये बँकेच्या नावापुढे असाच कुठला तरी परका नंबर होता. कुणी लिहिला हे खात्रीने नाही सांगता येत. उन्हाळ्यात दुरुस्तीला दिला तेव्हा एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून मिळालं होतं, मला संशय त्याचाच. या फाइलीत लिहायला अॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागते, पण सॉफ्टवेअर टाकताना जी चौकट येते तिच्यावर 'यस' दाबलं की ती परवानगी मिळतेच.

आणि ते लाल पान का यायचं माहितीय? परक्या मशीनला बँकेचं नाव घेता येतं, पण बँकेचं सर्टिफिकेट दाखवता येत नाही. ब्राउझरला ते कळलं, त्याने अडवलं. तशा पानावर खाली बारीक अक्षरात पुढे जायची वाट असते, पुष्कळ लोक वैतागून तेच दाबतात. तुम्ही नाही दाबलंत, मागे फिरलात. बाबा, ठेव तुमच्यामुळे वाचलीय हो. मी ते सॉफ्टवेअर काढलं, पूर्ण स्कॅन केलं, बँकेचा पासवर्ड माझ्या लॅपटॉपवरून बदलला, ते सगळं झालंय.

ही फाइल मुळात चांगल्या कामाची आहे. १९७० च्या दशकात इंटरनेटच्या आधीचं अर्पानेट होतं, तेव्हा सगळ्या कॉम्प्युटरांची नावं-नंबर एकाच यादीत असायचे. ती यादी अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाई आणि त्यांची माणसं सांभाळायची, नवीन मशीन आलं की त्यांना कळवायचं, त्या नोंद करणार आणि बाकीचे तिच्यावरून उतरवून घेणार. एका पेढीची एकच वही, तसं. मशीनं वाढली, वही पुरेना, मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस आणलं. पण प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये ती छोटी वही राहिली ती राहिलीच.

आता तुमचं काम. फाइल सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात इटीसी अशी आत आत आहे, पण तेवढं शोधू नका, डेस्कटॉपवर मी 'वही' नावाचं चिन्ह करून ठेवलंय, दोनदा क्लिक केलं की नोटपॅडमध्ये उघडते. नुसती बघायला परवानगी लागत नाही, आणि चुकून काही टाइप झालं तरी परवानगीशिवाय ते सेव्ह होणार नाही, त्यामुळे भ्यायचं अजिबात कारण नाही. पुष्कळ ओळींच्या सुरुवातीला # अशी हॅशची खूण दिसेल. तुम्हीच मला शिकवलंय ना, कीर्दीत चूक खोडायची नाही, वरून रेघ मारायची, म्हणजे काय होतं ते दिसत राहतं. हॅश म्हणजे तीच रेघ, ओळ दिसते पण धरली जात नाही. बँकेच्या त्या खोट्या ओळीलाही मी हॅशच लावलाय, मुद्दाम पुसली नाही, बघा एकदा.

बिनहॅशच्या ओळी फक्त सात असायला हव्यात आणि सातही ०.०.०.० ने सुरू होणाऱ्या. त्या मी लिहिल्यात. त्या नावांना पत्ताच मिळत नाही, म्हणजे ती उघडतच नाहीत. पाच जाहिरातींच्या आहेत, त्यातलीच एक 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' म्हणून ओरडायची. आई, रेसिपीच्या पानावर मधेच पांढरी रिकामी जागा दिसली तर घाबरू नको, जाहिरात गेलीय तिथली. उरलेल्या दोन चिनूच्या गेमच्या साइटच्या, एक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि एक त्याच्याशिवाय, कारण या फाइलीला प्रत्येक नाव वेगळं सांगावं लागतं. आईच्या मोबाइलला मात्र यातलं काही लागू नाही, तिथे लिंका जपूनच उघडायच्या.

आठवी ओळ दिसली, किंवा शून्यांच्या जागी दुसराच आकडा दिसला, तर कशाला हात न लावता फोटो काढून मला पाठवा, रात्री कितीही वाजता. आणि सगळं जागेवर असलं तर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला व्हॉट्सअॅपवर नुसतं 'सात' एवढं लिहा, मला कळेल.

टॉवेल धुवायला टाका आता.

तुमची
मनू