मॅडम, तुमच्या तळहातावरच्या त्या शब्दासाठी

आदरणीय मॅडम,

तुमच्या निरोपाच्या दिवशी मी नारळ हातात दिला आणि मागे सरलो. बोलायचं खूप होतं, पण घसा दाटून आला. म्हणून आता लिहितोय. चारचौघांना दिसेल असं लिहितोय, कारण माझ्या पोराचा अपमानही चारचौघांतच झाला होता.

तो प्रसंग तुम्हाला अर्धाच माहीत आहे. पहिलीत जाऊन त्याला जेमतेम महिना झाला होता. तेव्हाच्या गुरुजींनी भिंतीवरच्या तक्त्यातल्या वाघावर छडी ठेवून विचारलं, हे काय? पोरगं उठलं आणि मोठ्याने म्हणालं, "कुला!" आमच्या कोरकूत वाघाला कुलाच म्हणतात. मराठीत त्या शब्दाचा अर्थ काय होतो, ते वाचणाऱ्यांना सांगायला नको. गुरुजींना वाटलं, पोरगं आचरट बोललं. त्याच छडीने दोन दिल्या आणि वर्गाबाहेर काढलं. पागोळ्यांचं पाणी अंगावर उडत होतं, तिथे शाळा सुटेपर्यंत उभं ठेवलं. मेळघाटातलं पोर ते. वाघाचं नाव बरोबर सांगितलं म्हणून त्याने मार खाल्ला.

त्यानंतर वर्षभर तो शाळेत बोलला नाही. हजेरीला नुसता हात वर करायचा. 'मंद आहे' असा शेरा घरी आला. मी जाऊन भेटलो तेव्हा गुरुजी म्हणाले, घरी मराठी बोलत जा, नाहीतर याचं काही खरं नाही. त्याच खोलीत तपासणीला आलेले एक साहेब बसले होते. ते म्हणाले, "कोरकू शिकून पोट भरणार आहे का?" मी मान खाली घालून परत आलो. मी स्वतः आश्रमशाळेत शिकलेला माणूस. तिथे आपसात कोरकूत बोललो म्हणून मीही मार खाल्लाय. तरीही मी त्या साहेबांचंच खरं मानलं, आणि पोराला त्याच्या आजीशीसुद्धा मराठीतच बोल म्हणून दटावायला लागलो. आजीला मराठी येत नाही. दोघं समोरासमोर बसून गप्प राहायचे. हे आठवलं की अजून पोटात तुटतं.

मग तुम्ही आलात.

तुम्ही काय काय केलंत याची यादी मी देत बसत नाही. ते तुमच्या दप्तरात असेलच. माझ्या मनात एकच गोष्ट रुतून बसली आहे. तोच तक्ता, तोच वाघ. तुम्ही पोरापाशी खाली जमिनीवर बसलात आणि हळूच विचारलंत, "याला तुझ्या घरी काय म्हणतात?" तो गप्प. तुम्ही पुन्हा विचारलं नाही, बसून राहिलात. बऱ्याच वेळाने तो तुमच्या कानाशी तोंड नेऊन पुटपुटला, कुला. तुम्ही हसला नाहीत, दचकला नाहीत. पदराआडून पेन काढलंत आणि डाव्या तळहातावर लिहिलंत, 'कुला'. शेजारी 'वाघ'. मग त्याला म्हणालात, "मी विसरेन म्हणून लिहून ठेवलं. उद्या मला विचार हं, येतं का ते."

मी तेव्हा शाळेत पोषण आहाराचे तांदूळ उतरवून द्यायला आलो होतो. दारातून हे सगळं पाहिलं. पोराचा चेहराही पाहिला. बाई आपल्याकडून शिकतेय, आणि उद्या आपण तिची परीक्षा घ्यायची आहे, हे त्याला उमगलं तो क्षण मी पाहिला.

रात्री जेवताना तो डाव्या हाताची मूठ उघडेना. हात धू म्हटलं तर उजवाच पुढे केला. आईने मूठ सोडवली, तर तळहातावर निळ्या शाईत वेडंवाकडं 'कुला'. वर्षभर पाटीवर एक अक्षर न गिरवलेल्या पोराने घरी येऊन स्वतःहून लिहिलेला हा पहिला शब्द. त्या अक्षरांना पाणी लागू द्यायचं नव्हतं त्याला.

मॅडम, आमच्या पोरांना अक्षरं येत नाहीत असं नाही, ती अक्षरं त्यांच्यापाशी पोचतच नाहीत. 'अ अननसाचा' शिकवतात. आमच्या ढाण्यातल्या, म्हणजे पाड्यातल्या, पोराने अननस पाहिलेलाच नसतो. म्हणजे अक्षरही अनोळखी, चित्रही अनोळखी आणि चित्राचं नावही. तुम्ही 'ड' शिकवताना 'डा' म्हणालात, म्हणजे आमचं पाणी, आणि सगळा वर्ग एकदम ओरडला. ओळखीच्या शब्दाला धरून अक्षर आत शिरलं. मराठीही त्याच वाटेने आली. आज माझा मुलगा मराठीचं पुस्तक घडाघडा वाचतो. कोरकूमुळे मराठी बुडेल म्हणणाऱ्यांनी येऊन ऐकावं.

आपली भाषा केवढी आहे, हेही मला तुमच्याचकडून कळलं. २०११च्या जनगणनेत कोरकू बोलणारे ७ लाखांहून जास्त. झारखंड-ओडिशातली संथाली, मुंडारी ही तिची सख्खी भावंडं, आणि आपण या घराण्याच्या पश्चिमेच्या टोकाला एकटेच उरलोय. संथालीला १९२५ साली पंडित रघुनाथ मुर्मूंनी ओल चिकी लिपी दिली आणि २००३ साली ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. हे ऐकून मी घरी आलो तेव्हा आईला म्हटलं, आपली भावकी लांबवर पसरलीय गं. ती म्हणाली, मग इतके दिवस कुणी सांगितलं का नाही?

तिला काय उत्तर देऊ? प्राथमिक शाळेत मुलाला त्याच्या मातृभाषेतून शिकण्याची सोय असावी, हे घटनेच्या ३५० क कलमात १९५६ पासून लिहिलेलं आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे, २०२०च्या शैक्षणिक धोरणात आहे. कागदाला काही कमी नव्हतं. पण ज्यांनी ते कागद वाचले होते, त्यांच्यातलं कुणी आमच्या पोराशेजारी जमिनीवर बसलं नाही.

कोरो म्हणजे माणूस आणि कोरकू म्हणजे माणसं. आमच्या जमातीचं नावच तेवढं आहे. समोरच्याला माणूस समजून त्याच्या बोलीत एक शब्द विचारणं, याला पैसा लागत नाही, जीआर लागत नाही. दवाखान्यात एक सिस्टर आहेत, त्या म्हातारीच्या पोटाला हात लावून 'दुखतं' हे आमच्या भाषेत विचारतात. त्यांचा उच्चार चुकतो, पण म्हातारी हसते आणि सगळं सांगते. अशी माणसं थोडी असतात, पण त्यांच्या जिवावर अख्खा ढाणा तग धरतो.

दरवर्षी दिवाळी झाली की आम्ही कामाला बाहेर पडतो आणि होळीला परत येतो, पोरंही बरोबर जातात. गेल्या वर्षी गाठोडं बांधताना पोरगा म्हणाला, मी आजीपाशी राहतो, मला शाळा आहे. त्या दिवशी मी बायकोकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. दोघांनाही बोलता आलं नाही.

आणि ते पुस्तक. आजीने सांगितलेली गोष्ट, पोरांनी लिहिलेली, चित्रं काढलेली, तुम्ही सुईदोऱ्याने शिवलेली. होळीला आलो तेव्हा पोरगा ओसरीवर बसून ती आजीला वाचून दाखवत होता. आजीने मधेच थांबवलं, "मी असं म्हटलंच नव्हतं." तो म्हणाला, म्हटलं होतंस. दोघांची जुंपली. कोरकूत, तोंड भरून. मी बाहेरच उभा राहिलो, कितीतरी वेळ.

त्या पुस्तकाची दुसरी प्रत पोराने तुमच्यासाठी लिहून काढलीय, या पत्रासोबत पाठवतोय. आई अजून अडून बसली आहे की चौथ्या पानावर कुला नदी ओलांडण्याआधी मागे वळून बघतो, ते राहून गेलंय. पोराने तेवढं वाक्य वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत ठेवलंय. ते तुम्ही चिकटवा.

तुमचा,
तुमच्या वर्गातल्या एका मुलाचा बाप