काका, तुमचा फिलर गेज माझ्याकडे राहिलाय

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

खरं तर हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही "बरं बरं, ब्रेक ऑइल बदललंस का?" एवढंच विचारून विषय मिटवला असता आणि मला बोलायचं ते राहून गेलं असतं. शिवाय क्लबातल्या बाकीच्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं, विशेषतः रोज सगळ्यांच्या आधी मुक्कामी पोचून "आम्ही कधीच आलो" म्हणणाऱ्यांनी. म्हणून उघड पत्र.

आपल्या क्लबाची जुन्या गाड्यांची सहल: ५ दिवस, २१ गाड्या, साधारण ९०० किलोमीटर. त्यात माझी गाडी कोणती, हे तुम्हाला सांगायला नको. बाबांची १९५९ची मॉरिस मायनर, ९४८ सीसी, नवी होती तेव्हा ३७ हॉर्सपॉवर. आता त्यातले किती घोडे जिवंत आहेत, देव जाणे. बाबा होते तोवर बॉनेटला दुसऱ्या कुणाचा हात लागत नसे. ते गेल्यावर ती गाडी मी दोन वर्षं फक्त पुसली. सहलीला नाव दिलं ते आईच्या हट्टापायी. ती म्हणाली, रोड बुक मी वाचते, तू चालव.

पहिल्या दिवशी आईने ते वाटेची वळणं दाखवणारं पुस्तक उलटं धरलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. त्या ट्युलिप आकृत्यांत खालचा ठिपका म्हणजे आपण आणि बाण म्हणजे जायची दिशा, हे तिला ठाऊक नव्हतं. आम्ही ११ किलोमीटर भलतीकडे गेलो. परत फाट्यावर आलो तर ताफ्यात सगळ्यांच्या शेवटी राहणारी तुमची लँड रोव्हर तिथे उभी, इंजिन बंद, तुम्ही बॉनेटला टेकून. तुम्ही हात दाखवून रस्ता दिलात आणि मागे लागलात. "कुठे गेला होतात?" हा प्रश्न तुम्ही पाच दिवसांत कुणालाच विचारला नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवसाबद्दल मात्र सविस्तर लिहायचंय.

घाट अर्धा चढून झाला होता. गाडी आधी मिसिंग करायला लागली, मग दोन-तीन आचके देऊन बंद पडली. पाच मिनिटांत बॉनेटभोवती चार जण जमले. चौघांचं एकमत होतं: पेट्रोल उकळतंय, व्हेपर लॉक, म्हणजे नळीत वाफ अडकलीय. तर्क चुकीचा नव्हता. चढ, ऊन, उंचीवर पेट्रोल आणखी लवकर उकळतं, आणि मायनरचा कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्या डोक्यावरच बसवलेला. एकाने पंपावर ओलं फडकं टाकलं. वीस मिनिटांनी सेल्फ मारला आणि गाडी चालू झाली. टाळ्या! तीन किलोमीटरवर पुन्हा बंद. पुन्हा फडकं, पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा चालू. तिसऱ्या खेपेला कुणीतरी ट्रेलर मागवायची भाषा सुरू केली. ती माझ्याशी नाही, एकमेकांशी. मी तिथेच किल्ली हातात घेऊन उभी होते.

तुम्ही आलात, सगळ्यांचं ऐकून घेतलंत आणि मला म्हणालात, "किल्ली फिरव. सेल्फ मारू नकोस. नुसतं ऐक."

पंप टक-टक-टक-टक वाजला आणि थांबला.

"थांबला ना? म्हणजे कार्ब्युरेटर भरलाय. लाइनमध्ये वाफ असती तर वाजतच राहिला असता." हा टकटक आवाज मी लहानपणापासून ऐकत आले, बाबा गाडी काढतायत याची ती खूण. तो काहीतरी सांगतोय, हे मला त्या दिवशी कळलं.

मग डेल्कोचं, म्हणजे प्लगांना स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण. उघडण्याआधी तुम्ही मडगार्डवर एक फडकं पसरलंत आणि दुसरं डेल्कोच्या खाली कोंबायला लावलंत. "इथला स्क्रू पडला तर तो थेट पाताळात जातो." आतले पॉइंट, म्हणजे स्पार्कसाठी करंट जोडणारे-तोडणारे दोन कॉन्टॅक्ट, निळे-काळे पडले होते, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा. स्पार्क बघितला तर अशक्त, पिवळा. कंडेन्सर! पॉइंटवर ठिणगी उडू नये म्हणून असलेला तो छोटा भाग गरम झाला की दगा देतो, थंड झाला की शहाण्यासारखा वागतो. म्हणजे ओल्या फडक्याने काहीच होत नव्हतं, त्या वीस मिनिटांत कंडेन्सर निवत होता. तुम्ही त्या चौघांकडे बघून एवढंच म्हणालात, "कार्ब्युरेटरचे निम्मे आजार डेल्कोत असतात." एक जण अजून माझ्याशी नीट बोलत नाही, पण ते असो.

तुमच्या त्या गंजक्या डब्यातून तुम्ही जुना कंडेन्सर आणि पॉइंटचा सेट काढलात. मला वाटलं, आता तुम्ही बसवाल आणि आपण निघू. तुम्ही स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिलात.

काका, हात थरथरत होते. पॉइंटच्या खुंटीवर दोन वायरींची टोकं आणि पॉइंटची स्प्रिंग एकमेकांना चिकटायला हवीत, पण खुंटीला त्यांतलं काहीही लागता कामा नये. त्यासाठी ते टिकलीएवढे प्लॅस्टिकचे वॉशर. मी एक वॉशर चुकीच्या जागी घातला. सेल्फ मारला, ठिणगी शून्य, आधीपेक्षा वाईट. तुम्हाला ते बसवतानाच दिसलं असणार. तुम्ही गप्प राहिलात. मी झाकण परत काढलं, पाच मिनिटं बघत बसले, आणि सापडलं. मग फट मोजायच्या फिलर गेजचं पंधरा थाऊचं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पातं, कॅम नेमका उंचवट्यावर आणून, ना घट्ट ना सैल. "लोण्यातून सुरी गेल्यासारखं नको, जुन्या वहीतून पान ओढल्यासारखं हवं." सेल्फ मारला आणि पहिल्याच फेरीत इंजिन धरलं. आई गाडीत बसून रडत होती आणि पुस्तकात डोकं घालून रडत नसल्याचं दाखवत होती.

हे सगळं तुम्ही दहा मिनिटांत केलं असतं. मला सव्वा तास लागला. तो सव्वा तास तुम्ही उन्हात उभे राहून मला दिलात. हे पत्र मुख्यतः त्या सव्वा तासासाठी आहे.

संध्याकाळी तुम्ही बर्था बेंझची गोष्ट सांगितलीत. ऑगस्ट १८८८, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला, शंभरावर किलोमीटर. इंधनाची नळी तुंबली तर हॅटपिनने मोकळी केली, वायर उघडी पडली तर मोज्याचा गार्टर गुंडाळला, वाइसलॉखच्या औषधाच्या दुकानातून पेट्रोलसारखं लिग्रॉइन विकत घेऊन टाकीत ओतलं. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली आणि नंतर कार्ल बेंझने चढासाठी वेगळा गियर दिला. आईला ही गोष्ट इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी घाट लागला की ती विचारायची, "उतरून ढकलू का?"

आणि ब्रेक. चामड्याची गोष्ट ऐकून बारा तासही झाले नव्हते. तिसऱ्या दिवशीचा तो लांब उतार मी पुढच्या गाड्यांच्या नादाने टॉप गियरमध्ये, पायाने ब्रेक दाबत दाबत उतरत होते. आधी जळका वास आला, मग पेडल खाली खाली जायला लागलं. मागून तुमचे हेडलाइट लुकलुकले. कशीबशी वळणावरच्या मोकळ्या जागेत गाडी घेतली. हँडब्रेक ओढणार तोच तुम्ही खिडकीतून ओरडलात. पाच दिवसांत तुम्ही ओरडलात ते दोनदाच, त्यातलं हे पहिलं. गियरमध्ये उभी कर, चाकाला दगड लाव, तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक नाही, पाणी तर मुळीच नाही. ड्रम तापून फुगतो, म्हणून लाइनर त्याच्यापर्यंत पोचायला पेडल जास्त खाली जातं. त्यात लाइनरची पकडही तापून कमी होते. मग तुम्ही पायाखालचा गालिचा उचलायला लावलात, कारण मायनरचा ब्रेक ऑइलचा मास्टर सिलिंडर तिथे, फरशीखाली असतो. ऑइल चहाच्या रंगाचं झालं होतं. "कधी बदललंस?" मला माहीत नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये, पण पाणी शोषल्यावर ही हमी १५५ वर येते. घाटात हे अंतर किती महत्त्वाचं असतं, ते मला पायाने कळलं होतं.

पाऊण तासाने आम्ही सेकंड गियरमध्ये, तिशीच्या वेगाने निघालो. "ज्या गियरात चढशील त्याच गियरात उतर." मागे आधुनिक गाड्यांची रांग लागली आणि हॉर्न सुरू झाले. पण ते माझ्यासाठी नव्हते, कारण माझ्या आणि त्यांच्या मध्ये तुमची लँड रोव्हर होती. जागा मिळेल तिथे तुम्ही इंडिकेटर द्यायचात, आपण दोघं बाजूला व्हायचो, रांग निघून जायची आणि पुन्हा आपण. लोकांनी ज्या काय शिव्या घातल्या असतील त्या तुम्ही खाल्ल्यात.

दुसऱ्यांदा ओरडलात ते चौथ्या दिवशी सकाळी, एक सद्गृहस्थ माझ्या बसलेल्या बॅटरीला जंपर केबल लावायला आले तेव्हा. माझ्या गाडीत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली आहे, त्यांची निगेटिव्ह. दोन बंपर टेकले असते तर केबलच पेटली असती. त्यानंतर आपण ती ढकलूनच चालू केली. आई उतरली होती!

शेवटच्या दिवशी तळ्याकाठी सगळ्यांचा फोटो काढला. माझ्या फोटोत मी गाड्या मोजल्या, १९ भरल्या. एक तुमची नाही आणि एक त्या मुलाची १९९०ची माझदा एमएक्स-५ नाही. फिवा या ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येप्रमाणे ३० वर्षं झाली की वाहन ऐतिहासिक मानायला वयाची अडचण नाही, तरी पहिल्या दिवशी "ही कसली क्लासिक, हिला तर कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शन आहे" म्हणून त्याला हसणारे आपल्यातच होते. तो पंक्चर होऊन मागे राहिला होता आणि तुम्ही त्याच्याजवळ थांबला होतात. सहल देखणी होती असं सगळे म्हणतात. तुम्ही पाच दिवस आमच्या डिकीच पाहिल्यात.

ब्रेक ऑइल बदललं. चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढली, आई पेडल मारायला बसली होती. नवा कंडेन्सर घेतला आणि एक जास्तीचा, डब्यात ठेवायला. डबा अजून गंजलेला नाही, होईल. तुमचा फिलर गेज त्या गडबडीत माझ्याच डेनिमच्या खिशात राहिला, तो पुढच्या मीटिंगला आणते. तोवर वापरते आहे, राग मानू नका. काल पॉइंट पुन्हा पाहिले. पंधरा थाऊ, जुन्या वहीतून पान ओढल्यासारखं.

तुमची,
मॉरिस मायनरवाली
(आणि आई. तिने विचारलंय, पुढच्या वेळी रोड बुक लँड रोव्हरमध्ये बसून वाचलं तर चालेल का?)