रंग चढण्यापूर्वी जीप तपासा: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली

विषय: घरी दुरुस्त केलेल्या जुन्या जीपगाड्यांची तपासणी आणि त्यांतील बदलांची अधिकृत नोंद

महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाटण तालुक्यातील एका गोठ्याच्या आडोशाला अनेक पावसाळे गंजत उभी असलेली, १९९१ साली नोंदलेली महिंद्रा एमएम ५४० मी विकत घेतली असून घरामागच्या शेडमध्ये तिची दुरुस्ती चालू आहे. आमच्या खोऱ्यांत एसटी पोहोचत नव्हती तेव्हा बाजारकरू, दुधाच्या किटल्या आणि आजारी माणसे याच जातीच्या गाड्यांनी वाहिली, त्यामुळे त्या भंगारात जाऊ नयेत असे वाटणारे माझ्यासारखे अनेकजण आहेत. मात्र हे पत्र आठवणींसाठी नसून, सध्याचे नियम अशा गाडीची चांगली दुरुस्ती आणि वाईट दुरुस्ती यांत फरक करू शकत नाहीत, हे आपल्या निदर्शनास आणण्यासाठी आहे.

जीपची चासी म्हणजे दोन लांब पोलादी रेल आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. चाकांनी उडवलेला चिखल या सांध्यांत, विशेषतः मागच्या पाट्यांची शॅकल (पाटे चासीला जोडणारी हलती कडी) जिथे चासीला बसते तिथे साचतो आणि पावसाळाभर ओल धरून राहतो. हातोडीने ठोकत गेले की शाबूत लोखंड खणखणते. कुजलेल्या जागी आवाज बद्द येतो आणि गंजाचे पापुद्रे गळून खाली पडतात. अशी जागा दुरुस्त करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे शाबूत धातू लागेपर्यंत गंजका भाग कापणे, त्याच जाडीचा तुकडा बसवून वेल्डिंग करणे आणि त्यावर शंकरपाळ्याच्या आकाराची आधारपट्टी जोडणे, कारण रेलवर उभ्या सरळ रेषेत केलेले वेल्डिंग पुढे त्याच रेषेत तडकण्याचा धोका असतो. दुसरा मार्ग अर्ध्या दिवसात उरकतो: गंजावरच पत्रा ठोकायचा, पुट्टी भरायची आणि वरून काळा अंडरकोट, म्हणजे गाडीच्या तळाला लावायचा जाड लेप, मारायचा. आतला गंज अर्थातच पत्र्याआड वाढत राहतो.

रंग लागल्यानंतर या दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात आणि आपली तपासणी नेमकी रंगानंतर होते. पासिंगच्या वेळी ब्रेक, दिवे, धूर यांची चाचणी होते आणि ती व्हायलाच हवी. पण अंडरकोटखाली काय जोडले आहे, हे स्वयंचलित तपासणी केंद्रातील यंत्रालाही कळत नाही आणि अनुभवी निरीक्षकालाही दिसत नाही.

बदलांच्या बाबतीत स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ओढ्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी राहते आणि पुढच्याच उतारावर ब्रेक एका बाजूला ओढतो. पुढे डिस्क ब्रेक बसवले, तीन बिंदूंचे सीटबेल्ट आणि पॉवर स्टिअरिंग घातले, तर गाडी निःसंशय अधिक सुरक्षित होईल. परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. डिस्क ब्रेक यात मोडतात का, असे विचारले असता मला दोन अधिकाऱ्यांकडून दोन उत्तरे मिळाली. विमा कंपनीला कळवावे, तर कळवायचे कोणत्या कागदाच्या आधारावर?

२०२१ मध्ये आपल्या मंत्रालयाने पन्नास वर्षांपुढील गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले, ही स्वागतार्ह गोष्ट होती. पण त्यांतही गाडी मूळ स्वरूपातच असावी आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. संग्राहकाच्या गॅरेजमध्ये जपलेल्या मोटारीला ती पेलते. सह्याद्रीच्या पावसात उभ्या राहिलेल्या जीपला पेलणे अवघड आहे. त्यातून माझी गाडी वयाने तिथवर पोहोचलेलीही नाही. वीस वर्षांपुढील हलक्या मोटार वाहनाच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार रुपये झाले. ते मी भरेन. त्या बदल्यात गाडीच्या चासीकडे कोणीतरी नीट पाहावे, एवढीच अपेक्षा आहे.

माझी विनंती अशी की, मालकाने स्वेच्छेने अर्ज केल्यास जुन्या गाडीची एक तपासणी रंगापूर्वी, उघड्या लोखंडावर व्हावी. मान्यताप्राप्त तपासनीसाने वेल्डिंग, पत्र्याची जाडी आणि चासी क्रमांक पाहून छायाचित्रांसह अहवाल द्यावा. क्रमांक कोरलेला भाग कापला असेल तर अर्ज तिथेच नाकारावा, म्हणजे चोरीच्या गाड्यांना ही वाट मिळणार नाही. ब्रेक, स्टिअरिंग, सीटबेल्ट आणि रोलकेज (गाडी उलटल्यास आतल्यांना वाचवणारा पोलादी सांगाडा) यांपुरते मान्य बदलांचे निकष पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडून ठरवून घ्यावेत आणि झालेला बदल आरसी बुकात नोंदवावा. विशिष्ट कारणासाठी बदलांना सूट देण्याचा अधिकार कलम ५२ च्या परंतुकानेच (अपवादाच्या तरतुदीनेच) केंद्र सरकारला दिला आहे, त्यामुळे नवा कायदा करण्याची गरज भासू नये. जर्मनीत कारखान्याबाहेर केलेला बदल तपासनीसाला दाखवून गाडीच्या कागदपत्रांत नोंदवून घेण्याची पद्धत रुळलेली आहे.

हौसेच्या नावाखाली सगळेच मान्य करा, असे माझे म्हणणे नाही. पादचाऱ्याच्या जिवावर उठणाऱ्या बुलबारवर, म्हणजे गाडीच्या पुढे लावलेल्या लोखंडी दांड्यांवर, आपल्या मंत्रालयाने २०१७ मध्ये कारवाईचे आदेश दिले, ते योग्यच होते. समोरच्याचे डोळे दिपवणारी दिव्यांची रांग आणि मडगार्डबाहेर हातभर आलेली चाके यांच्यावर आणखी कडक कारवाई झाली तरी माझी हरकत नाही.

माझ्या जीपची चासी या घडीला उघडी आहे. प्रायमर मारण्यापूर्वी ती कोणी तपासणार असेल, तर पावसाळा लागेपर्यंत थांबण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक जीपमालक,
पाटण तालुका, जि. सातारा