सातबाऱ्यावर नाव, पण धुरा कुठे?

मा. संपादक,
स. न.

पूर्व युरोपातील आणि रशियातील कम्युनिस्ट राजवटी गेल्यानंतर तिथे लोकशाही सगळीकडे सारखी का रुजली नाही, याची आपल्याकडची चर्चा बहुधा रशियाचे येल्त्सिन, पुतिन आणि हंगेरीचे ऑर्बान या नेत्यांच्या नावांभोवतीच फिरते. माझ्यासारख्या कापूसपट्ट्यातील माणसाला मात्र या प्रश्नाची सुरुवात शेताच्या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, करावीशी वाटते.

रशियात सामूहिक शेती मोडली तेव्हा सुमारे 1 कोटी 20 लाख ग्रामीण लोक जमिनीचे हिस्सेदार झाले. पण कोणाचा तुकडा कुठून कुठवर, याची मोजणी बहुतेकांच्या बाबतीत झालीच नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर सातबाऱ्यावर नाव चढले, धुरा पडला नाही. वेगळे निघून शेती करावी म्हटले, तर ट्रॅक्टर, डिझेल, घरच्या गाईचा चारा, सारे सामूहिक शेतीच्या जुन्याच अध्यक्षाच्या हाती होते. म्हणून बहुतेकांनी आपला हिस्सा मुकाट्याने त्याच संस्थेला वहितीला देऊन टाकला. ज्याच्या दारी चारा मागायला जायचे, त्याच्याविरुद्ध सभेत उभे कोण राहणार? त्यातच जानेवारी 1992 मध्ये बहुतेक वस्तूंच्या किमतींवरील नियंत्रण एकदम उठवले गेले आणि लोकांची जन्मभराची बचत पाहता पाहता मातीमोल झाली. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात खुद्द राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनी संसदेच्या इमारतीवर रणगाड्यांतून तोफा डागायला लावल्या. अशा वेळी मतपेटीवर विश्वास ठेवा, हे सांगायचे तरी कोणत्या तोंडाने?

याउलट पोलंडमध्ये कम्युनिस्ट काळातही बरीचशी शेती शेतकऱ्यांच्याच मालकीची राहिली होती, चर्च आणि कामगार संघटना यांचा आधार होता, आणि मे 1990 मध्येच स्थानिक संस्थांच्या खुल्या निवडणुका झाल्या. (तिथेही 2015 नंतर न्यायालयांच्या स्वातंत्र्यावरून मोठा वाद पेटलाच, हंगेरीत तर 2010 साली दोन-तृतीयांश बहुमत हाती येताच एकाच आघाडीने आपल्या बळावर नवी राज्यघटना करून घेतली.)

आपण 1952 पासून मतदान करीत आलो, म्हणून आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. मागे आमच्या गावची ग्रामसभा गणपूर्तीअभावी झाली नाही, आणि दुसऱ्या दिवशी हजेरीचे रजिस्टर घरोघर फिरले. मी निवृत्त शिक्षक. न झालेल्या सभेची सही करणार नाही, असे मी सांगितले. रजिस्टर घेऊन आलेला माणूस माझाच विद्यार्थी. तो रागावला नाही, धमकी तर मुळीच दिली नाही. पायरीवर टेकला, पाणी प्यायला आणि सहज म्हणाला, "गुरुजी, पुतण्याचं नाव घरकुलाच्या यादीत हाय ना?"

मी सही केली.

आपला,
एक वाचक, ता. सेलू, जि. वर्धा