तिसरा आकडाही बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती म्हणजे चोरांना उघडे दार, असे आपल्या पुरवणीतल्या लेखात ठोकून दिले आहे. ते अर्धेच खरे आहे.

मकरपुरा जीआयडीसीतल्या एका वर्कशॉपचे संगणक मी अकरा वर्षे सांभाळतो. मशीनवर डेबियन ११ ही लिनक्स प्रणाली आहे. तिचा कर्नल (फौजेतला नव्हे, लिनक्सचा, म्हणजे प्रणालीचा गाभा) ५.१० आवृत्तीचा, म्हणजे डिसेंबर २०२० चा. एका ग्राहक कंपनीचे तपासनीस आले, त्यांनी कर्नलची आवृत्ती दाखवणारी 'यूनेम -आर' ही आज्ञा दिली, ५.१०.० वाचले आणि लाल शाईने 'कालबाह्य' लिहून चहा घेतला.

तिसऱ्या आकड्याच्या जागी डेबियन तिथे शून्यच दाखवते. खरा तिसरा आकडा 'यूनेम -व्ही' दिल्यावर दिसतो आणि आमचा दोनशेच्या पुढे होता. कर्नलमधल्या चुकीची दुरुस्ती आधी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या मुख्य शाखेत, म्हणजे सर्वांत नव्या आवृत्तीत, जाते. मग ग्रेग क्रोआ-हार्टमन, साशा लेविन ही मंडळी ती ५.१० सारख्या जुन्या आवृत्त्यांच्या शाखांवर उतरवतात. हाच बॅकपोर्ट. नव्या सोयी येत नाहीत, चुका तेवढ्या निघतात आणि तिसरा आकडा वाढतो. २०२२ मधला 'डर्टी पाइप' हा दोष कोणाही साध्या वापरकर्त्याला फक्त वाचायच्या फाइलीत लिहू द्यायचा. तो ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ मध्ये मिटला. गंमत म्हणजे तो शिरला होता ५.८ मध्ये, त्याहून जुन्या ५.४ ला त्याची बाधाच नव्हती!

बॅकपोर्ट फसतोही. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर ६.१.६४ मध्ये एक्स्ट४ या फाइल सिस्टमची, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणाऱ्या यंत्रणेची, एक दुरुस्ती आली, पण ती ज्या दुसऱ्या बदलावर उभी होती, तो आणायचा राहून गेला. डेटा बिघडू लागला. म्हणून हाच कर्नल असलेली १२.३ आवृत्ती डेबियनने रोखली आणि थेट १२.४ काढली. आमची आई गोधडीला ठिगळ लावण्याआधी खालचे कापड ताणून बघायची. मीही तेव्हापासून नवी दुरुस्ती आधी स्टोअरच्या संगणकावर आठवडाभर चालवतो, मगच मशीनवर टाकतो.

५.१० ची जाहीर मुदत डिसेंबर २०२६ आहे. त्यानंतरही मी तीच चालवत बसलो, तर लाल शाई निमूट सोसेन. तोवर पुढच्या लेखात 'यूनेम -व्ही'ची एक ओळ छापावी, ही विनंती. तपासनीस साहेबही आपलेच वाचक आहेत.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा