विषय: २०२३-२४ च्या इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये तुम्ही माझ्या नावावर टाकलेलं खोटं घरभाडं आणि खोटी देणगी

नमस्कार,

हा मेल रिटर्न भरून देणाऱ्या तुमच्या फर्मच्या चिंचवड ऑफिसच्या मॅनेजरसाठी आहे. कस्टमर केअरवाल्यांनी कृपया "आपली तक्रार नोंदवली आहे" असा मेसेज टाकून तिकीट बंद करू नये, ते आधी करून झालंय.

जुलै २०२४ मध्ये तुमची माणसं चाकणला आमच्या कंपनीच्या कँटीनबाहेर टेबल टाकून बसली होती. फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा कंपनीचा दाखला) द्या, पॅन-आधार द्या, बाकी आम्ही बघतो, फी रिफंडच्या दहा टक्के. मी तेव्हाच विचारलं होतं की अहो माझा टॅक्स पगारातून बरोबर कापलाय, मग रिफंड कशाचा? तर तुमचा मुलगा म्हणाला, "सर, कंपनी सगळे बेनिफिट देत नाही, आम्ही काढून देतो." मग ओटीपी मागितला, काही दिवसांनी ६५,००० खात्यात आले आणि त्याच संध्याकाळी ६,५०० साठी तुमचा फोन. तेवढ्यापुरती तुमची सर्व्हिस एकदम फास्ट.

१४ जुलै २०२५ ला इन्कम टॅक्सवाल्यांनी खोट्या वजावटी दाखवणाऱ्या एजंटांवर देशभरात दीडशे ठिकाणी कारवाई केली, त्यानंतर आमच्या लाइनवरच्या एकाला नोटीस आल्याचं कळलं, म्हणून मी इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन करायला गेलो तर पासवर्ड तुम्ही बदललेला. आधार ओटीपीवरून रीसेट केला आणि आत बघतो तर माझ्या प्रोफाइलला ईमेल आयडी भलताच! माझं नाव, पुढे चार आकडे, असला जीमेल मी जन्मात काढलेला नाही. म्हणजे डिपार्टमेंटने मला काही पाठवलं असेल तर ते तुमच्याकडे जाऊन पडलंय आणि मी इथे निवांत. हे मला सगळ्यात जास्त लागलंय, खरं सांगतो, पैशांपेक्षाही.

मग तुमच्याकडून भांडून भांडून कॉम्प्युटेशन शीट, म्हणजे माझ्या टॅक्सचं तुम्ही मांडलेलं गणित, मिळवली. घरभाडं महिना १८,०००. मी मोशीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो, पीसीएमसीची (पिंपरी-चिंचवड महापालिकेची) घरपट्टीची पावती माझ्या नावावर आहे, भाडं कुणाला देणार, बायकोला? त्यात शहरासमोर "मेट्रो" लिहून एचआरएची (घरभाडे भत्त्याची) सूट बेसिक पगाराच्या ५० टक्क्यांनी काढलीय, १,८०,०००. पुण्याला आम्ही कितीही भारी म्हणत असलो तरी त्या वर्षी एचआरएसाठी मेट्रो म्हणजे मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई एवढीच, पुण्याला ४० टक्के. म्हणजे खोटं लिहायचं तेसुद्धा धड नाही. वर आम्हा तिघा सहकाऱ्यांच्या शीट शेजारी ठेवल्या तर घरमालक एकच! एक मोशीत, एक तळेगावात, एक राजगुरुनगरला, आणि तिघांचा मालक तोच गृहस्थ.

त्याखाली कलम ८०जीजीसी, राजकीय पक्षाला देणगी ७०,०००. या पक्षाचं नाव मी ईव्हीएमवरसुद्धा वाचलेलं नाही. ७०,०००च का, तर बेरीज मारून बघा, करपात्र उत्पन्न साडेसात लाखांवरून बरोब्बर पाच लाखांवर येतं, जुन्या टॅक्स रेजिममध्ये तिथे रिबेट (करमाफी) मिळून टॅक्स शून्य होतो. म्हणजे आधी उत्तर ठरवलं आणि मग गणित मांडलं.

आता चूक सुधारून भरायच्या रिवाइज्ड रिटर्नची मुदत कधीच संपली. आमच्या साडूंच्या ओळखीच्या सीएंनी सांगितलं की अपडेटेड रिटर्न (मुदतीनंतर जादा टॅक्स देऊन भरायचा तो) भरायचा, ६५,००० परत, त्यावर व्याज, आणि ३१ मार्च २०२६ च्या आत भरला तर टॅक्स अधिक व्याजाच्या वर आणखी २५ टक्के, म्हणजे नुसत्या टॅक्सवरच १६,२५०. मार्च उलटला की तेच ५० टक्के. आणि गप्प बसलो आणि डिपार्टमेंटने स्वतः पकडलं तर कलम २७०अ खाली टॅक्सच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड. ६५,००० मी भरणारच आहे, ते सरकारचेच होते, त्याबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण वरचा भुर्दंड मी का सोसू?

यावर तुमच्या मॅडम फोनवर म्हणतात, "सर, ओटीपी तुम्हीच दिलात ना, म्हणजे तुमची संमती." ओटीपी रिटर्न व्हेरिफाय करायला दिला होता हो, घरमालक दत्तक घ्यायला नाही. आणि दुरुस्ती करून देतो पण २,९९९ नवीन फी लागेल म्हणे! याला काय म्हणायचं?

तर आता सरळ सांगतो. माझी ६,५०० फी, ते २५ टक्के आणि व्याज, एवढं सगळं तुम्ही द्यायचं. त्या जीमेलवर माझ्या नावाने आलेलं एकूण एक पत्र मला फॉरवर्ड करायचं. भाड्याची आणि देणगीची पावती तुमच्याकडे असेल तर तीही पाठवा, मलाही बघू दे मी कुठे राहतो ते. आणि बोर्डावर "सीए" लिहिलंय तर त्या सीएंचा मेंबरशिप नंबर कळवा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकून पुणे जिल्हा ग्राहक आयोगात केस करणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि ऑनलाइन दाखल होते, तेव्हा मी कंटाळून सोडून देईन या भ्रमात राहू नका. बाकीचे दोघंही बरोबर आहेत, त्यांचे मेल वेगळे येतील.

तुमचाच एक कस्टमर,
मोशी, पुणे

सोबत: फॉर्म १६, तुमची कॉम्प्युटेशन शीट, पीसीएमसीची पावती, ६,५०० भरल्याचा स्क्रीनशॉट