सूचना: लहान मुलांसोबत सणाचा खाऊ करताना

सर्व सभासद पालकांना कळविण्यात येते की, सणाच्या सुट्टीत खाऊ करताना साच्याने पावाच्या चांदण्या कापणे, त्यांवर फळांच्या फोडींचे नाक-डोळे लावणे ही कामे मुलांच्याच हाती द्यावीत. एखादा कोपरा तुटला, तरी ती चांदणी त्यांची स्वतःची असते, म्हणून कृपया ती सुधारू नये. सजावटीला अख्खी द्राक्षे मात्र मुळीच वापरू नयेत, कारण गोल, गुळगुळीत द्राक्ष श्वासनलिकेत घट्ट अडकू शकते. 5 वर्षांखालील मुलांसाठी त्याचे उभे 4 तुकडे करावेत आणि अख्खे शेंगदाणे, बदाम टाळावेत. 1 वर्षाखालील बाळाला मध देऊ नये. सुरुवातीला साबणाने 20 सेकंद हात धुवावेत. खाऊ इतर मुलांना वाटणार असल्यास त्यांच्या पालकांना ॲलर्जीविषयी आधी अवश्य विचारावे.